घशाचा संसर्ग रक्तात उतरतो तेव्हा

सीबीसीच्या (रक्तपेशी मोजायच्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी १४,००० दिसल्या की इंदूरमध्ये घरोघरी एकच निदान होतं: ‘ब्लड में इन्फेक्शन आ गया है.’ मराठी घरांत तेच ‘रक्तात इन्फेक्शन झालंय म्हणे’ असं होऊन नातेवाइकांपर्यंत पोचतं. मी मायक्रोबायोलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करते. हे वाक्य जवळजवळ रोज कानावर पडतं, आणि जवळजवळ रोजच ते चुकीचं असतं.

पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० असतात. टॉन्सिल सुजली, दाढेखाली पू झाला, लघवीला जळजळ झाली, तरी त्या वाढतात. म्हणजे शरीरात कुठेतरी लढा चालू आहे, एवढंच हा आकडा सांगतो. जंतू रक्तात शिरलेत की नाही, याचं उत्तर त्यात नसतं. उलट, जंतू खरोखर रक्तात पसरलेल्या काही रुग्णांच्या पेशी अगदी व्यवस्थित किंवा चक्क कमी भरतात. त्यामुळे किरकोळ घसादुखीवाल्याचं घर हादरून जातं आणि ज्याची खरी काळजी करायची तो ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून झोपून राहतो. हा लेख त्या दुसऱ्या माणसासाठी आहे.

थोडेफार जंतू रक्तात जाणं ही तशी रोजची घटना आहे. आपण दात घासतो तेव्हासुद्धा हिरड्यांतून काही जंतू रक्तात जातात, आणि यकृत व प्लीहा त्यांना थोड्याच वेळात गाळून टाकतात. आपल्याला कळतही नाही. घोटाळा होतो तो दोन प्रकारे. एक तर जंतूंचा पुरवठा थांबत नाही, म्हणजे कुठेतरी पू साठलेला असतो आणि तिथून सतत नवे जंतू रक्तात येत राहतात. नाहीतर जंतू मोजकेच असतात, पण त्यांचं विष जहाल असतं. दोन्ही वेळा शरीराची प्रतिक्रिया हाताबाहेर जाते. रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो, मूत्रपिंड, फुप्फुस, मेंदू यांना पुरेसं रक्त आणि प्राणवायू मिळेनासा होतो. संसर्गामुळे अवयव असे कोलमडू लागले की त्याला सेप्सिस म्हणायचं, ही व्याख्या जगभरातल्या तज्ज्ञांनी २०१६ साली नक्की केली. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्यांतले सुमारे १ कोटी १० लाख दगावले, असा अंदाज आहे.

यात घशापासून सुरू झालेले रुग्ण थोडे. न्यूमोनिया, जुलाब, लघवीचा संसर्ग, बाळंतपणातला संसर्ग ही मोठी कारणं आहेत. तरी मी घशावर लिहायला बसले, कारण घशातून रक्तात जाणारा आजार बहुतेक वेळा धडधाकट तरुणांना आणि शाळकरी मुलांना गाठतो. शिवाय तो ओळखायला आपल्या हातात जे चार-पाच दिवस असतात ते ‘घसाच तर धरलाय’ म्हणण्यात निघून जातात.

आधी नेहमीच्या घशाबद्दल. घसा दुखतो त्यातल्या बहुसंख्य वेळा कारण विषाणू असतात. मोठ्या माणसांत दहापैकी जेमतेम एकाचा घसा स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूमुळे दुखत असतो. ५ ते १५ वयाच्या मुलांत हे प्रमाण दहात दोन-तीन. सोबत सर्दी, खोकला असेल, आवाज बसला असेल, डोळे लाल असतील तर विषाणूच समजा. ताप आहे, खोकला नाही, जबड्याखाली गाठ येऊन ती दाबल्यावर दुखतेय आणि टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत, असं सगळं एकत्र आलं की स्ट्रेपची शक्यता वाढते. मात्र नुसत्या पांढऱ्या ठिपक्यांवर जाऊ नये. विषाणूंमुळेही तसेच ठिपके येतात. आरशासमोर मोबाइलचा टॉर्च लावून त्यांचा फोटो काढायचा आणि भाच्याला, जो फार्मसी शिकतोय, पाठवायचा, यातून काही निष्पन्न होत नाही. खात्री करायची तर घशातला स्वॅब हवा.

साधा घसा तीन-चार दिवसांत उताराला लागतो आणि आठवड्यात बरा होतो, अँटिबायोटिक घेतलं नाही तरी. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं या वेळापत्रकावर अवलंबून आहे.

आता तो रस्ता पाहू. टॉन्सिल जिथे बसलेली असते, तिच्या बाहेरच्या बाजूला स्नायूंचा एक पातळ पडदा आहे. पडद्यापलीकडच्या सैल जागेतून मेंदूकडे रक्त नेणारी मोठी धमनी जाते आणि मेंदूकडून रक्त परत आणणारी मानेतली मोठी शीर जाते. इंदूरच्या राजवाड्यामागच्या जुन्या वाड्यांत दोन बिऱ्हाडांच्या मधे एकच भिंत असते आणि एकाकडची ओल दुसऱ्याकडे उमटते, तसा हा शेजार आहे. टॉन्सिलमागे पू झाला की त्याला बाहेर पडायला वाट नसते, आणि भिंतीपलीकडे ही शीर असते.

पू टॉन्सिलशेजारीच साठला तर ते टॉन्सिलचं गळू. त्याची खूण सहसा चुकत नाही: दुखणं एका बाजूला सरकतं, त्याच बाजूचा कान ठणकतो, जबडा नीट उघडत नाही, आवंढा गिळवत नाही म्हणून लाळ बाहेर येते, आवाज तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखा येतो. डॉक्टरांनी बॅटरी धरली तर पडजीभ दुसऱ्या बाजूला ढकललेली दिसते. कान-नाक-घशाचे डॉक्टर सुईने किंवा छोटी चीर देऊन पू काढतात आणि रुग्णाला तासाभरात हलकं वाटू लागतं. इथे नुसत्या गोळ्यांवर दिवस काढणं धोक्याचं. साठलेल्या पूपर्यंत औषध नीट पोचत नाही.

ज्या आजाराबद्दल मला सविस्तर सांगायचंय तो याच्या एक पाऊल पुढचा आहे. आंद्रे लेमिएर हे पॅरिसचे डॉक्टर. १९३६ साली त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये २० रुग्णांची हकिकत छापली. बहुतेक जण तरुण होते, आजाराची सुरुवात घशापासून झालेली, आणि २० पैकी १८ दगावले. तेव्हा पेनिसिलिन उपचारात आलेलं नव्हतं. आज हा आजार ‘लेमिएर सिंड्रोम’ म्हणून ओळखला जातो. तो घडवणाऱ्या जंतूचं नाव फ्युजोबॅक्टेरियम नेक्रोफोरम. या जंतूला प्राणवायू सोसत नाही, त्यामुळे हवा न पोचणाऱ्या खोल जागेत तो फोफावतो. टॉन्सिलमागून तो मानेतल्या शिरेच्या भिंतीत शिरतो, शिरेत रक्ताची गुठळी धरते, गुठळीत जंतू वाढतात, आणि तिचे बारीक तुकडे सुटून थेट हृदयात व तिथून फुप्फुसांत जाऊन अडकतात. प्रत्येक तुकड्याच्या जागी एक नवं गळू. क्वचित ते तुकडे सांध्यांत, यकृतात, हाडांतही जातात.

आजार दुर्मिळ आहे. डेन्मार्कमध्ये देशभरच्या नोंदी ठेवल्या गेल्या, तिथे दहा लाखांत वर्षाला एक ते चार रुग्ण एवढंच प्रमाण निघालं. पण तो सापडतो १५ ते २५ वयाच्या निरोगी मुलामुलींत, आणि त्या वयाची मुलं आपल्या शहरात किती आहेत पाहा. भंवरकुआं या कोचिंग क्लासेसच्या भागात एका गल्लीत चक्कर मारली तरी खंडवा, बऱ्हाणपूर, खरगोन, देवासहून आलेली शेकडो मुलं दिसतील, एका खोलीत दोघं-तिघं, डबा बाहेरचा, आईबाप फोनवर.

समजा, त्यांतलाच एक बऱ्हाणपूरचा मुलगा, वय १९. सोमवारी घसा धरला. आईला फोन केला, ती म्हणाली, ‘मीठ-हळदीच्या गुळण्या कर, थंड पिऊ नकोस.’ बुधवारी ताप वाढला म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलवर गेला. ‘भैया, गला खराब है, बुखार भी है.’ तीन गोळ्यांची अ‍ॅझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची स्ट्रिप आणि तापाची गोळी मिळाली. शुक्रवारी घसा खरंच बरा वाटला, पोहे-जिलेबी खाऊन आला. शनिवारी रात्री त्याला अशी हुडहुडी भरली की पलंग हलत होता. खोलीतल्या मित्राने दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे थांबेनात. रविवारी मान एका बाजूने दुखू लागली, कानाखालून गळ्याखालच्या हाडापर्यंत. ‘उशी वाकडी झाली असेल,’ म्हणून बाम चोळला. आईने विचारलं तेव्हा म्हणाला, ‘घसा बरा आहे गं आता, नुसता ताप आहे.’ सोमवारी श्वास घेताना छातीत कळ येऊ लागली.

हा मुलगा मी रचलेला आहे, पण वैद्यकीय नियतकालिकांत छापलेल्या या आजाराच्या हकिकती काढल्या तर त्यांचा क्रम असाच असतो. घसा, मग दोन-चार दिवस बरं, मग हुडहुडी, मग मानेची एक बाजू, मग छाती. लेमिएरांनी तर लिहून ठेवलं होतं की हे चित्र इतकं ठरलेलं आहे की प्रयोगशाळेची मदत न घेता खाटेजवळच ओळखता यावं.

तरी ते का ओळखलं जात नाही? भारतात त्याला आणखी काही कारणं आहेत, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. पावसाळ्यात किंवा गणपती-नवरात्राच्या दिवसांत हुडहुडी भरून ताप आला की मनात पहिल्यांदा मलेरिया येतो. ते बरोबरच आहे, मलेरियाची तपासणी व्हायलाच हवी. मग सीबीसी होते. या आजारात प्लेटलेट बऱ्याचदा उतरतात. प्लेटलेट ६०,००० दिसल्या की सगळे ‘डेंग्यू’ म्हणून मोकळे होतात आणि पपईच्या पानांचा रस सुरू होतो. विडाल टेस्ट अर्धवट पॉझिटिव्ह आली तर टायफॉइडही जोडला जातो. छातीचा एक्स-रे काढला तर दोन्ही फुप्फुसांत गोल डाग, काहींच्या मधे पोकळी, आणि आपल्याकडे पोकळी म्हटली की क्षयाची शंका येणं साहजिक आहे. प्रत्येक पायरीवर एक ओळखीचा, खराखुरा आजार समोर उभा असतो. आणि डॉक्टरांसमोर बसलेला मुलगा दहा दिवसांपूर्वीच्या घशाबद्दल बोलत नाही, कारण तो ‘बरा झालाय’. म्हणून तापाच्या रुग्णासोबत जाणाऱ्याने एवढं तरी सांगावं की ‘डॉक्टर, याचा आठवड्यापूर्वी घसा जोरात दुखत होता आणि आता मान एकाच बाजूने दुखतेय.’ या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलू शकते. मानेची सोनोग्राफी किंवा डाय टोचून केलेला सीटी स्कॅन झाला की गुठळी दिसते.

त्या तीन गोळ्यांच्या स्ट्रिपबद्दलही सांगायला हवं. अ‍ॅझिथ्रोमायसिन आपल्याकडे घशाचं औषध म्हणून इतकं रुळलंय की लोक चहाबरोबर बिस्किट मागावं तसं ते मागतात. विषाणूच्या घशाला त्याचा उपयोग शून्य. स्ट्रेपमध्ये त्याला दाद न देणारे प्रकार आता पुष्कळ आहेत. आणि फ्युजोबॅक्टेरियमवर या गटातली औषधं नीट चालतच नाहीत. म्हणजे जिथे गरज नाही तिथे ते वाया जातं आणि जिथे जीव पणाला लागलाय तिथे उपयोगी पडत नाही. मधल्या काळात तापाची गोळी ताप उतरवते आणि आपण औषध लागू पडलं असं समजतो. काही ठिकाणी सुट्या गोळ्यांच्या पुडीत स्टेरॉइडही असतं. त्याने घशाची सूज झटकन उतरते, आणि आत काही पेटत असेल तर ते झाकलं जातं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाहीत अशा औषधांच्या स्ट्रिपवर एक उभी लाल रेघ असते. आरोग्य मंत्रालयाने २०१६ पासून ती ओळखायला शिकवण्याची मोहीम चालवली. घरात पडलेली अ‍ॅझिथ्रोमायसिनची स्ट्रिप उलटून पाहा, ती रेघ दिसेल.

‘मग धोका नको, प्रत्येक घशाला चांगलं भारी अँटिबायोटिक देऊन टाकायचं,’ असं कुणालाही वाटेल. ब्रिटनमधल्या लाखो रुग्णांच्या नोंदी तपासून २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एक टॉन्सिलचं गळू टाळायचं तर घसा दुखणाऱ्या ४,००० हून जास्त लोकांना अँटिबायोटिक द्यावं लागेल, असा त्याचा हिशेब होता. त्या ४,००० जणांतल्या अनेकांना जुलाब, अंगावर पुरळ, काहींना गंभीर अ‍ॅलर्जी, आणि सगळ्यांच्या पोटात औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंची वाढ. सरसकट औषध देण्याने हा प्रश्न सुटत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी रुग्णाकडे पुन्हा एकदा नीट बघण्याने बराचसा सुटतो.

स्ट्रेपची गोष्ट वेगळी आहे. त्याचं पूर्ण नाव स्ट्रेप्टोकोकस पायोजिनिस. रक्त मिसळलेल्या आगरच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) लाल बशीवर तो वाढवला की सकाळी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात आणि प्रत्येक ठिपक्याभोवती लाल रंग पूर्ण नाहीसा होऊन आरपार पारदर्शक वलय पडलेलं असतं. त्याने आजूबाजूच्या लाल पेशी फोडून टाकलेल्या असतात. बशी उजेडासमोर धरली की ते वलय स्वच्छ दिसतं. नव्या विद्यार्थ्यांना मी सर्वांत आधी हेच दाखवते, कारण एवढासा ठिपका काय करू शकतो ते पाहिल्यावर सांगावं लागत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली हेच जंतू जांभळ्या गोलांच्या साखळ्यांत दिसतात. १८७९ साली लुई पाश्चर यांनी बाळंतरोगाने आजारी बायकांच्या रक्तात या साखळ्या पाहिल्या होत्या.

हा जंतू घशातून किंवा त्वचेवरच्या जखमेतून आत शिरतो तेव्हा त्याची काही विषं शरीराच्या संरक्षण पेशींना एकाच वेळी, एकगठ्ठा चेतवतात. रक्तदाब तासांत कोसळू शकतो. घशाची तक्रार साधी, आणि हातपाय गार, अंगावर उन्हाने भाजल्यासारखी लाली, उलट्या, जुलाब, हातात किंवा पायात असह्य दुखणं, असं विसंगत चित्र दिसतं. कांजिण्या किंवा फ्लू नुकताच होऊन गेलेल्या मुलांत ही शक्यता जास्त. २०२२ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये लहान मुलांत असे रुग्ण अचानक वाढले होते आणि काही मुलं दगावली होती. उपचारात पेनिसिलिन गटातल्या औषधासोबत क्लिंडामायसिन देतात. पहिलं जंतू मारतं, दुसरं त्यांची विषनिर्मिती थांबवतं.

इथे एक दिलासा देणारी बाब आहे. ऐंशी वर्षं वापरूनही पेनिसिलिनला पूर्णपणे जुमानत नाही असा स्ट्रेप पायोजिनिस रुग्णांत अजून सापडलेला नाही. बाकी जवळपास प्रत्येक जंतूने औषधांवर मात करायचे मार्ग शोधले, याने शोधला नाही. म्हणून स्ट्रेपचा घसा नक्की झाला की पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन हेच पहिलं औषध, सहसा १० दिवस. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी १० दिवस. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर तसं डॉक्टरांना आधीच सांगावं.

हे १० दिवस मुख्यतः हृदयासाठी असतात. स्ट्रेपच्या घशानंतर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना संधिवाताचा ताप येतो, एकामागून एक सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा खराब होतात. यालाही लोक ‘रक्तातला जंतू’ म्हणतात, पण इथे जंतू रक्तात किंवा हृदयात गेलेला नसतो. स्ट्रेपविरुद्ध तयार झालेली संरक्षण यंत्रणा आपल्याच झडपांवर उलटते. घसा दुखायला लागल्यापासून ९ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झालं तर हे बहुतांशी टळतं. ज्यांच्या झडपा आधीच खराब झाल्यात त्यांच्या बाबतीत मात्र रक्तात जंतू गेलेले परवडत नाहीत. खडबडीत झडपेवर ते घर करतात, आणि अशा माणसाचा महिनाभर न जाणारा बारीक तापही तपासून घ्यावा लागतो. एएसओ टेस्टबद्दल सांगते, कारण सांधे दुखतात म्हणून ती सर्रास केली जाते: ती वाढलेली आली म्हणजे गेल्या काही महिन्यांत स्ट्रेपशी गाठ पडली होती, एवढंच. त्यावरून आज रक्तात जंतू आहेत असं म्हणता येत नाही.

घटसर्प तर तिसराच प्रकार. जंतू घशातच राहतो आणि त्याचं विष रक्तातून हृदयापर्यंत व नसांपर्यंत जातं. घशात राखाडी पापुद्रा दिसला, खरवडल्यावर रक्त येतंय, मान सुजून फुगलीय, तर त्याच दिवशी रुग्णालय. लहानपणची लस आणि १० व्या व १६ व्या वर्षीचा टीडीचा (धनुर्वात-घटसर्पाच्या लशीचा) डोस यांनी तो टळतो. १६ वर्षांचा डोस घरोघरी राहून जातो.

रक्तात जंतू आहेत की नाहीत, हे ठरवणारी तपासणी म्हणजे ब्लड कल्चर. ती कशी होते हे माहीत असेल तर नातेवाइकांचा अर्धा त्रागा कमी होतो. मोठ्या माणसाच्या बाबतीत दोन वेगळ्या ठिकाणांहून रक्त घेतात आणि प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली भरतात. ‘किती रक्त काढता हो!’ असं हमखास ऐकू येतं. पण रक्तात जंतू पसरलेले असतानाही एका मिलीलिटरमध्ये एखादाच जंतू असतो, कधी तेवढाही नसतो. २ मिली रक्तात तो हाती लागेलच याची खात्री नाही. म्हणून रक्त जास्त, आणि म्हणूनच ते अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन देण्याआधी घ्यायचं. त्वचा पुसून ती वाळेपर्यंत थांबायचं, नाहीतर कातडीवरचे निरुपद्रवी जंतू बाटलीत जाऊन उगाच दिशाभूल होते. दोन प्रकारच्या बाटल्या असतात, एक हवेत वाढणाऱ्या जंतूंसाठी, दुसरी प्राणवायू न सोसणाऱ्यांसाठी. खर्च वाचवायला अनेक ठिकाणी पहिलीच वापरतात. घशामागून आलेल्या तापात दुसरी बाटली लागते, कारण फ्युजोबॅक्टेरियम फक्त तिच्यातच वाढेल. विचारायला संकोच करू नका.

बाटल्या मशिनमध्ये ठेवल्या जातात. जंतू वाढू लागले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो टिपून मशिन इशारा देतं. बरेचसे जंतू एक-दोन दिवसांत कळतात, फ्युजोबॅक्टेरियमला त्याहून जास्त लागू शकतात, आणि पाच दिवस काही वाढलं नाही तर सहसा निगेटिव्ह म्हणतात. इशारा आला की आम्ही थेंबभर घेऊन काचपट्टी रंगवतो आणि जे दिसेल ते लगेच वॉर्डात फोन करून कळवतो, रात्री दोन वाजले तरी. जांभळ्या साखळ्या, की फिकट गुलाबी, लांबट, वेड्यावाकड्या काड्या, एवढ्यावरूनही डॉक्टरांना औषध बदलता येतं. कोणतं औषध लागू पडेल त्याचा पूर्ण अहवाल यायला आणखी दिवस-दोन दिवस जातात. तोवर उपचार थांबलेले नसतात. सेप्सिसची दाट शंका असली आणि रक्तदाब उतरला असला तर तासाभरात अँटिबायोटिक सुरू करतात, सलाइन देतात, रक्तातलं लॅक्टेट (पेशींना प्राणवायू कमी पडला की वाढणारा पदार्थ) मोजतात, लघवी किती होते ते तासातासाला लिहितात. पू साठला असेल तर तो काढावाच लागतो. लेमिएरमध्ये औषध तीन ते सहा आठवडे चालतं, सुरुवातीला शिरेतून. आज या आजारातले बहुसंख्य रुग्ण वाचतात.

घरी कधी थांबायचं नाही? पहिली गोष्ट वेळापत्रक. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरणीला न लागता चढतोय किंवा एकदा उतरून परत आलाय, तर गोळ्यांचा पुढचा डोस नव्हे, डॉक्टर. गोधडीतही न थांबणारी, दात वाजवणारी हुडहुडी मी फार गंभीरपणे घेते. रक्तात जंतू जात असल्याची ती मोठी खूण आहे. मानेच्या एकाच बाजूला दुखणं-सुजणं, जबडा न उघडणं, लाळ गिळता न येणं, यासाठी त्याच दिवशी जावं. बसल्या जागी मिनिटाला २२ किंवा जास्त श्वास, वरचा रक्तदाब १०० किंवा खाली, माणूस असंबद्ध बोलतोय किंवा ग्लानीत आहे, अर्धा दिवस लघवी नाही, हातपाय गार आणि कातडीवर जाळीदार निळसर डाग, यांतलं काहीही दिसलं तर थेट इमर्जन्सी. १०८ ला फोन करा, इंदूरमध्ये एम. वाय. हे सरकारी रुग्णालय किंवा जवळचं अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय गाठा. श्वास घेताना घशातून कर्कश आवाज येतोय आणि मूल पुढे वाकून बसलंय, लाळ गळतेय, तर त्याच्या तोंडात चमचा घालून घसा बघायला जाऊ नका, आडवंही करू नका. बसलेल्या अवस्थेतच न्या. मधुमेह असलेले, केमोथेरपी किंवा स्टेरॉइड चालू असलेले, गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बायका, यांनी पाचव्या दिवसाची वाट बघू नये.

घरातल्या किंवा खोलीतल्या बाकीच्यांचं काय, हा प्रश्न नेहमी येतो. स्ट्रेपचा घसा असलेल्याला औषध सुरू होऊन २४ तास होईपर्यंत शाळेत किंवा कोचिंगला पाठवू नये. पाण्याची बाटली, चमचा, टॉवेल वेगळा ठेवावा. बाकीच्यांना काही त्रास नसेल तर त्यांना औषध लागत नाही. पण स्ट्रेप रक्तात गेल्याचं कुणाच्या बाबतीत नक्की झालं, तर सोबत राहणाऱ्यांनी पुढचे ३० दिवस स्वतःकडे लक्ष ठेवावं, आणि घसा दुखून ताप आला तर डॉक्टरांना आधी त्या रुग्णाबद्दल सांगावं. घरात नवजात बाळ, ओली बाळंतीण किंवा कांजिण्या झालेलं मूल असेल तर त्यांना प्रतिबंधक औषध द्यायचं का, ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावं. लेमिएरच्या बाबतीत याची गरज पडत नाही. फ्युजोबॅक्टेरियम अनेक निरोगी तरुणांच्या घशात एरवीही असतोच, आणि त्या मुलाची गोधडी पांघरल्याने कुणाला तो आजार होत नाही.